मांडवगड : सीमेवरील एक डोंगरी नगर

नगरे का उभी राहतात आणि का ओस पडतात, हा प्रश्न पवित्र शास्त्राच्या वाचकास अपरिचित नाही. अम्री राजाने शोमरोनाची टेकडी विकत घेऊन तिच्यावर राजधानी बांधली. लाखीशची तटबंदी अश्शूरी सैन्यापुढे टिकली नाही. यरुशलेमेत पाणी आणण्यासाठी हिज्कीयाला खडक फोडून बोगदा खणावा लागला. हे सर्व वाचताना व शिकविताना आपल्या डोळ्यांपुढे बहुधा दूरदेशीचा नकाशा असतो. परंतु असे नगर पाहावयास इतके दूर जाण्याचे कारण नाही. इंदूरच्या ज्या राजेंद्र नगर भागात बसून आम्ही हे लिहीत आहोत, तेथून धारमार्गे सुमारे शंभर किलोमीटर गेले की विंध्याद्रीच्या अगदी कडेवर मांडवगड लागतो. हिंदी भाषक त्यास मांडू म्हणतात. मराठी कागदपत्रांत व मराठी घरांत मांडवगड हेच नाव रूढ आहे.

मांडवगड पाहिला नाही असा इंदूरचा मराठी माणूस विरळा. पावसाळ्यात तेथे सहली जातात, जहाज महालापुढे छायाचित्रे निघतात, आणि राणी रूपमती व बाजबहादूर यांची प्रेमकथा ऐकून मंडळी परततात. त्या कथेविषयी आमची तक्रार नाही. परंतु तिच्या छायेत या नगराचा खरा इतिहास झाकला जातो. मांडवगडास मोठेपण दिले ते सीमेने. सीमा हलली तेव्हा ते मोठेपणही गेले. आणि त्यानंतर तेथे जी वस्ती टिकली ती तटाच्या बळावर टिकली नाही, हे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा आमचा प्रयत्न आहे.

१. भूमीची घडण

इतिहासापूर्वी भूगोल पाहणे इष्ट. माळव्याचे पठार काळ्या पाषाणाचे, म्हणजे महाराष्ट्रातील सह्याद्रीप्रमाणेच लाव्हारसाच्या थरांचे आहे. उत्तरेकडे ते हळूहळू उतरत जाते. क्षिप्रा, चंबळ, काळीसिंध या माळव्याच्या नद्या म्हणूनच उत्तरवाहिनी आहेत, आणि त्यांचे पाणी यमुनेतून गंगेस व पुढे बंगालच्या उपसागरास मिळते. दक्षिणेकडे मात्र पठार एकाएकी तुटते. तेथे विंध्याचा कडा तीनशे मीटरहून अधिक खाली निमाडच्या मैदानात उतरतो, आणि त्या मैदानातून नर्मदा पश्चिमेकडे अरबी समुद्रास जाते. या तुटलेल्या कडेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटर उंचीवर, मांडवगडाचा डोंगर आहे.

हा डोंगर पठाराचा भाग असूनही पठारापासून वेगळा झालेला आहे. काकडा खोह नावाच्या खोल दरीने तो माळव्यापासून तोडला आहे, आणि उत्तरेस एका अरुंद सांध्यानेच काय तो जोडलेला आहे. निसर्गाने खंदक खणून ठेवला. मनुष्याने तट बांधला. डोंगराच्या कडेकडेने गेलेल्या या तटाचा घेर चाळीस किलोमीटरच्या आसपास भरतो. आत केवळ किल्ला नाही. शेते, तळी, वाड्या आणि एका मोठ्या नगराचे अवशेष आहेत. उत्तरेच्या दिल्ली दरवाजातून आत शिरावे आणि दक्षिण टोकाच्या रूपमतीच्या मंडपापर्यंत जावे, म्हणजे माळव्याच्या दारातून शिरून निमाडच्या सज्जात उभे राहावे, असे होते. त्या सज्जातून स्वच्छ हवेत नर्मदेची रेघ दिसते.

ती रेघ पुष्कळ शतके हिंदुस्थान व दक्षिण यांच्यामधील सीमा मानली गेली. मांडवगड आज कोणत्याही राज्याच्या सीमेवर नाही. तो मध्य प्रदेशच्या धार जिल्ह्यात आहे. परंतु येथून ती सीमा दिसते, आणि जेथून सीमा दिसते तेथून ती राखताही येते. या एका गोष्टीमुळे राजांचे लक्ष या डोंगराकडे वळले.

२. सीमेने दिलेले राज्य

परमार राजांची राजधानी धार येथे होती. भोजराजाच्या काळी, म्हणजे अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात, मांडू हे उपस्थान होते. परमारांची सत्ता खचू लागल्यावर डोंगराचे महत्त्व वाढले. तेराव्या शतकातील परमारांच्या ताम्रपटात मंडपदुर्ग हे नाव आढळते, आणि मांडव हे त्याचेच रूप होय. १३०५ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीचा सरदार ऐन-उल-मुल्क मुलतानी याने हा दुर्ग घेतला व माळवा दिल्लीच्या अमलाखाली गेला.

तैमूरच्या १३९८ च्या स्वारीने दिल्ली खिळखिळी झाली, तेव्हा माळव्याचा सुभेदार दिलावरखान घोरी स्वतंत्र झाला. त्याचा मुलगा अल्पखान होशंगशाह या नावाने गादीवर बसला आणि त्याने राजधानी धारहून मांडूस हलविली. या बदलाचे कारण नकाशात आहे. धार मोकळ्या पठारावर आहे. आणि नव्या राज्याला पश्चिमेस गुजरात, उत्तरेस मेवाड, दक्षिणेस खानदेश व त्यापलीकडे बहामनी राज्य, असे शेजारी होते. ज्याच्या चारी बाजूंना सीमाच सीमा, त्याला डोंगर हवा होता. १४२२ मध्ये गुजरातच्या अहमदशाहाने मांडूस वेढा घातला, तेव्हा होशंग स्वतः हत्तींच्या शोधात ओडिशाकडे गेलेला होता. राजा गैरहजर असताही नगर पडले नाही. डोंगराची निवड योग्य होती हे सिद्ध झाले.

होशंगानंतर लवकरच महमूद खिलजी सुलतान झाला. १४३६ ते १४६९ या त्याच्या कारकीर्दीत मांडू वैभवाच्या शिखरास पोहोचले. त्याच काळी मेवाडात राणा कुंभ राज्य करीत होता. दोघांमध्ये वारंवार युद्धे झाली आणि दोघांनीही विजयस्तंभ उभारले. चित्तोडचा स्तंभ आजही उभा आहे. मांडूच्या सात मजली स्तंभाचा केवळ खालचा भाग शिल्लक आहे. एकाच वैराचे दोन विजयस्तंभ असावेत, ही गोष्ट सीमेवरील युद्धांचे स्वरूप पुरेसे स्पष्ट करते. १४४५ मध्ये महमूदाने मांडूत रुग्णालयही बांधले व त्याच्या खर्चासाठी उत्पन्न नेमून दिले, असे फारसी इतिहासकार सांगतात. १४५४ मध्ये तेथील भव्य जामा मशीद पूर्ण झाली. तिच्या मागील होशंगाची पांढऱ्या संगमरवराची कबर पाहण्यास शाहजहानच्या पदरचे वास्तुकार मुद्दाम आले होते, आणि १६५९ मधील त्यांचा लेख तेथे कोरलेला आहे.

सीमेवरचे नगर केवळ सैनिकांचे नसते. गुजरात व दक्षिण यांच्यामधील व्यापार या प्रदेशातून जात असल्याने येथे धनाढ्य जैन व्यापारी राहात. १४३९ मध्ये येथे चित्रांकित झालेली कल्पसूत्राची पोथी आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. महमूदाचा मुलगा गियासुद्दीन याच्या मुदपाखान्यातील पाककृतींचा सचित्र फारसी ग्रंथ ‘निमतनामा’ लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. नगरात सर्वत्र दिसणारे गोरखचिंचेचे अवाढव्य वृक्ष मूळचे आफ्रिकेतले. ते समुद्रापलीकडून आलेल्या माणसांबरोबरच येथे पोहोचले असले पाहिजेत. सीमेवर शत्रू येतो, तसे पाहुणे, पोथ्या व बीजेही येतात.

परंतु सीमेने दिलेले वैभव सीमेवरूनच धोक्यात येते. १५३१ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने मांडू घेतले. चारच वर्षांनी हुमायूनने ते बहादूरशाहाकडून हिसकावले. त्या वेळी नगरात कत्तल सुरू झाली, आणि एका गवयाच्या गायनाने बादशहाचे मन द्रवून ती थांबली, अशी कथा गुजरातच्या फारसी बखरीत आहे. पुढे शेरशाह आला, त्याच्या सुभेदाराचा मुलगा बाजबहादूर स्वतंत्र झाला, आणि १५६१ मध्ये अकबराच्या सरदारांनी त्याचा पराभव केला. माळवा मोगल साम्राज्याचा सुभा झाला. राजधानी म्हणून मांडूचे आयुष्य दीडशे वर्षांच्या आसपास भरले.

३. बादशहा, वकील आणि धर्मगुरू

राजधानी गेली तरी सीमा राहिली होती. मोगलांना दक्षिण जिंकावयाची होती, आणि दक्षिणेच्या वाटेवर मांडू होते. येथील नीलकंठ या स्थळी अकबराच्या काळचे लेख आहेत, व त्यांत खानदेशच्या मोहिमेचा उल्लेख आहे. १६१७ मध्ये जहांगीर येथे येऊन सात महिने राहिला, त्याचेही कारण दक्षिणच होते. अहमदनगरच्या निजामशाहीचा मलिक अंबर मोगलांना दाद देत नव्हता. शाहजादा खुर्रम बुऱ्हाणपुरास गेला होता आणि बादशहा पाठीशी मांडूत थांबला होता. त्या वर्षी ऑक्टोबरात खुर्रम तह करून परतला, तेव्हा मांडूतच त्याला शाहजहान ही पदवी मिळाली. महाराष्ट्राच्या इतिहासात मलिक अंबरचे नाव ज्यांनी वाचले आहे, त्यांनी या पदवीचा उगम लक्षात ठेवावा.

जहांगीरने आपल्या आठवणींत मांडूच्या पावसाळ्याची मनःपूर्वक स्तुती केली आहे, आणि जुन्या इमारतींच्या डागडुजीस तीन लाख रुपये खर्च झाल्याचे लिहिले आहे. त्याच आठवणींत एक भयंकर प्रसंग आहे. सुलतान नासिरुद्दीन याने आपला वृद्ध पिता गियासुद्दीन यास विष दिले, असे जहांगीरने ऐकले होते. पितृघातक्याच्या कबरीस त्याने लाथा मारविल्या व अवशेष नर्मदेत टाकविले. हा न्याय करणारा स्वतः तरुणपणी आपल्या पित्याविरुद्ध, अकबराविरुद्ध, बंड करून उठला होता. आणि ज्या पुत्रास त्याने याच नगरात जगाचा राजा म्हणून गौरविले, त्याने पुढे पाच वर्षांतच त्याच्याविरुद्ध बंड केले. मृताच्या थडग्यावर न्याय करणे सोपे असते, हे सांगण्यास आणखी भाष्याची गरज नाही.

जहांगीरच्या छावणीबरोबर इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हाही मांडूत आला होता, आणि वकिलातीचा धर्मगुरू म्हणून एडवर्ड टेरी हा तरुण पाळक त्याच्या सोबत होता. लंडनहून पायी प्रवास करीत हिंदुस्थानात पोहोचलेला टॉमस कोरियट हा भटक्या प्रवासीही त्यांच्या आश्रयास होता. त्याच वर्षाच्या अखेरीस तो सुरतेस मरण पावला. या मंडळींना राहावयास एका जुन्या मशिदीचे व कबरीचे ओस आवार मिळाले. रात्री जंगलातून सिंह आला आणि अंगणातील मेंढी व एक लहान पांढरा कुत्रा घेऊन गेला, असे रोच्या रोजनिशीत आहे. त्याच रोजनिशीत पाण्याच्या हालांचेही वर्णन आहे. बादशाही छावणीचा प्रचंड जनसमूह डोंगरावर चढला, विहिरी सरदारांनी ताब्यात घेतल्या, आणि वकिलास एका सरदाराच्या मेहेरबानीने रोजचे मोजके पाणी मिळू लागले. हा तपशील वाचकांनी मनात ठेवावा. पाण्याच्या प्रश्नाकडे आम्ही पुढे वळणार आहोत.

टेरीचे प्रवासवर्णन १६५५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. त्यातील एक गोष्ट पाळकवर्गाने आवर्जून जाणून घेण्याजोगी आहे. समुद्रकिनाऱ्यावरील वखारींच्या आसपासचे लोक ख्रिस्ती धर्माविषयी काय बोलत, ते टेरीने दडवून ठेवले नाही. हे लोक फार दारू पितात, अन्याय करतात, दुसऱ्यास मारझोड करतात. तेव्हा यांचा धर्म सैतानाचाच असला पाहिजे, असे ते म्हणत. उलट येथील लोकांचा प्रामाणिकपणा, देवभीरुता आणि आईबापांविषयीचा आदर यांची त्याने स्तुती केली, व आपल्या देशबांधवांस त्यावरून लाज वाटावी अशा रीतीने ती मांडली. टेरीची मते सर्वस्वी निर्दोष होती असे नव्हे. परक्या धर्मांविषयी लिहिताना तो त्याच्या काळाचाच माणूस राहतो. तथापि सीमेवर माणसाचा उपदेश कोणी आधी ऐकत नाही, त्याचे वागणे आधी पाहतात, ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती. आजही ज्या गावात मंडळी लहान आहे त्या गावच्या धर्मशिक्षकास हे निराळे सांगावे लागत नाही.

४. मराठे आणि घाटाची वाट

मराठी वाचकास यापुढील भाग अधिक जवळचा आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी मराठी फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात येऊ लागल्या. माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर याने १७२८ च्या नोव्हेंबरात घाट अडविण्याची तयारी केली. मराठे अमझेऱ्याच्या वाटेने चढतील, असा त्याचा अंदाज होता. चिमाजी आप्पांची फौज मात्र मांडूजवळच्या घाटाने वर आली. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्यास लढाई होऊन गिरधर बहादूर व त्याचा आप्त दया बहादूर दोघेही मारले गेले. कड्यावरच्या ज्या सज्जातून तीनशे वर्षे दक्षिणेवर नजर ठेवली गेली, त्याच कड्यावरून दक्षिण वर आली.

पुढील घटना वेगाने घडल्या. माळव्याचे उत्पन्न होळकर, शिंदे व पवार या घराण्यांत वाटले गेले. जानेवारी १७३८ मध्ये भोपाळजवळ दुराई सराई येथे निजामाने नर्मदा व चंबळ यांमधील प्रदेश पेशव्यांस देण्याचे मान्य केले, आणि १७४१ मध्ये बादशाही फर्मानानेही त्यास मान्यता मिळाली. मांडवगड धारच्या पवारांच्या राज्यात आला. तथापि पवारांनी राजधानी मांडूस नेली नाही. ते धारेस, मोकळ्या पठारावर राहिले. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ नंतर महेश्वर निवडले. ते तर डोंगर उतरून अगदी नर्मदेच्या काठावर आहे. इंदूर पेठेचे गाव म्हणून वाढत गेले.

यात काही चूक किंवा उपेक्षा होती असे मानण्याचे कारण नाही. नर्मदेच्या दोन्ही तीरांवर एकाच सत्तेची माणसे आली होती. पुण्याहून निघालेली डाक व हुंडी नर्मदा ओलांडून उज्जैनीस जात होती. नदी हीच सीमा होती. आता ती वाटेतली नदी झाली. मग सीमेवर पहारा देणाऱ्या डोंगराचे काम काय उरले? पुढे मुंबई–आग्रा मार्ग महू, मानपूर व खलघाट येथून गेला. रेल्वे खांडव्याहून पाताळपाणीच्या घाटाने इंदुरास आली. रहदारी दुसऱ्या घाटांनी गेली आणि मांडवगडाच्या रस्त्यावर गवत वाढले.

तरी एकदा, अडचणीच्या वेळी, जुन्या डोंगराने आश्रय दिला. १८०७ मध्ये धारचे आनंदराव पवार वारले, तेव्हा त्यांची राणी मीनाबाई गरोदर होती आणि राज्य बळकावू पाहणाऱ्यांपासून तिच्या जिवास धोका होता. ती मांडवगडावर गेली व तेथे तिने पुत्रास, रामचंद्ररावास, जन्म दिला, अशी नोंद सर जॉन माल्कमने माळव्याच्या वृत्तांतात केली आहे. ज्या नगरात पुत्राने पित्यास मारल्याची कथा सांगतात, त्याच नगराने एका विधवेच्या मुलाला जगविले. १८१९ मध्ये धार संस्थानाने इंग्रजांशी तह केला आणि लढायांचा काळ संपला. संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात व १९५६ मध्ये मध्य प्रदेशात आले.

५. पाणी

आता मागे सोडलेल्या प्रश्नाकडे वळू. मांडूच्या डोंगरावर नदी नाही. नर्मदा दिसते, पण ती इतक्या खाली आहे की तिचे पाणी वर आणणे त्या काळी शक्य नव्हते. पाऊस चांगला पडतो, परंतु उतारावरून तो लगेच दऱ्यांत निघून जातो. असे असता येथे राजधानी कशी वसली?

याचे उत्तर राजवाड्यांच्या रचनेतच आहे. जहाज महालाच्या दोन्ही अंगांस मुंज तलाव व कपूर तलाव आहेत. महाल पाण्यात उभ्या जहाजासारखा दिसतो म्हणून त्यास ते नाव पडले. सहलीला आलेला मनुष्य हे सौंदर्य पाहून थांबतो. त्याने मान वर करून गच्चीकडे पाहिले, तर पावसाचे पाणी गोळा करणारे पन्हाळ त्यास दिसतील. ते पाणी दगडी नळांतून व नागमोडी पाटांतून, वाटेत गाळले जात, हौदांत व तळ्यांत उतरते. चंपा बावडी, उजाळी बावडी, अंधेरी बावडी या विहिरी उन्हाळ्यासाठी होत्या. दक्षिणेस रेवा कुंडाचे पाणी उचलून बाजबहादूराच्या महालास पोहोचविले जाई. नर्मदेचे दुसरे नाव रेवा. नदी वर येऊ शकत नव्हती. तिचे नाव वर आणून पावसाच्या पाण्यास दिले गेले.

येथे आमच्या मते मांडवगडाचा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे. तट शत्रूसाठी होता, आणि तो प्रत्येक मोठ्या शत्रूपुढे शेवटी पडला : १३०५, १५३१, १५३५, १५६१. तळी मात्र कोणाच्याही विरुद्ध बांधलेली नव्हती. जो राजा येई तो तीच तळी वापरी. ती जोवर राखली गेली तोवर नगर चालले. हौद फुटले, पाट बुजले, आणि १६१७ मध्ये जेव्हा बादशहा आपला अफाट लवाजमा घेऊन वर आला, तेव्हा महालांच्या डागडुजीस तीन लाख मिळाले, तरी पाण्यासाठी वकिलालाही याचना करावी लागली. यिर्मयाच्या दुसऱ्या अध्यायात झऱ्याचा त्याग करून फुटके हौद खोदणाऱ्या लोकांचे जे चित्र आहे, ते शिकविताना आपल्या वर्गांतील मुलांस हौद म्हणजे काय हे पुष्कळदा समजावून सांगावे लागते. डोंगरावरच्या नगरात फुटका हौद म्हणजे कोरडा उन्हाळा व पळते लोक, हे मांडवगडावर नुसते बोट दाखवून सांगता येते. हिज्कीयाच्या बोगद्याचा उल्लेख (२ राजे २०:२०) त्याच्या पराक्रमांच्या यादीत का आला, हेही तेथे उमगते.

इंदूरकरांस हा धडा अधिक लागू आहे. आमचे शहरही विंध्याच्या वर आहे. १९७० च्या जनआंदोलनानंतर नर्मदेचे पाणी मंडलेश्वरजवळील जलूद येथून उपसून डोंगर चढवून आणण्यात आले, आणि १९७८ पासून ते इंदुरास मिळू लागले. सुलतानांस जे साधले नाही ते विजेच्या पंपांनी साधले. राजेंद्र नगरात नळाला येणारे पाणी अरबी समुद्राकडे चाललेल्या नदीचे असते. वापरून झाल्यावर ते कान्ह नदीतून क्षिप्रेस व अखेर गंगेस जाते. जी जलरेषा राजांनी सीमा मानली, ती आपण रोज न कळत ओलांडतो. त्याबरोबर हेही ध्यानात असावे की, दुसऱ्या खोऱ्यातून आणलेल्या पाण्यावर जगणाऱ्या शहराने आपल्या अंगणात पडणाऱ्या पावसाचा हिशेब सोडून दिला, तर त्याची स्थिती मांडवगडाहून फारशी निराळी राहणार नाही.

६. जे उरले ते

मांडवगडावर आज कोण राहतो? सुलतान, सरदार, व्यापारी गेले. मोडक्या महालांच्या आसपास वाड्या आहेत आणि त्यांत मुख्यतः भिल्ल व भिलाला कुटुंबे राहतात. ती मका पिकवितात, गुरे राखतात, मोसमात सीताफळे व गोरखचिंचेची फळे रस्त्याच्या कडेला विकतात. हे लोक नंतर येऊन वसले असे समजणे चुकीचे होईल. विंध्याच्या या दऱ्यांशी त्यांचा संबंध राजधानीहून जुना आहे. फारसी तवारिखांत व मराठी कागदांत ते येतात ते घाटाचे वाटाडे, पहारेकरी किंवा लुटारू म्हणून. घाटातून जाणाऱ्यांकडून हक्काची रक्कम मागणाऱ्या भिल्ल नाइकांविषयी माल्कमनेही लिहिले आहे. ज्यांनी लिहिले त्यांच्या दृष्टीने हा डोंगर सीमा होता. भिल्लांच्या दृष्टीने तो घर होता. एकच जागा कोणास सीमा आणि कोणास घर असते, आणि इतिहास बहुधा सीमा पाहणारे लिहितात. गुलाम यझदानी यांचा मांडूवरील इंग्रजी ग्रंथ १९२९ मध्ये धार संस्थानाच्या पुढाकाराने प्रसिद्ध झाला. तो इमारतींचा उत्तम परिचय करून देतो. परंतु डोंगरावरच्या माणसांचा तसा ग्रंथ आमच्या हाती नाही.

या प्रदेशातील ख्रिस्ती सेवेचाही विचार या संदर्भात करावा लागतो. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ मध्ये इंदूर व महू येथे कार्य आरंभिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात डॉ. मार्गारेट ओहारा धार येथे आल्या, आणि त्यांच्या प्रयत्नाने तेथे स्त्रियांसाठी रुग्णालय उभे राहिले. महमूद खिलजीच्या रुग्णालयानंतर साडेचार शतकांनी त्याच मुलखात रोग्यांसाठी पुन्हा एक दार उघडले, हे नमूद करण्यासारखे आहे. दोन्ही कार्यांमागील श्रद्धा भिन्न होत्या, हे आम्ही विसरत नाही. परंतु दुखणाइताला दोन्हीकडे दार उघडे मिळाले, हेही इतिहासाच्या खात्यावर जमा झाले पाहिजे.

आमच्या वाचकांपैकी कित्येक जण मंडळीची किंवा रविवार शाळेची सहल घेऊन मांडवगडास जातात. त्यांस आमची एक विनंती आहे. महाल पाहण्यापूर्वी तळी पाहावीत आणि मुलांस ती पायी फिरून दाखवावीत. विजयस्तंभाच्या बुडाशी थांबून चित्तोडच्या स्तंभाची आठवण करून द्यावी, म्हणजे विजय या शब्दाचा अर्थ आपोआप स्पष्ट होईल. रूपमतीच्या मंडपातून नर्मदा दाखविताना तिला सीमा म्हणणारे कोण होते आणि तिचे पाणी पिणारे कोण आहेत, हे विचारावे. आणि रस्त्याच्या कडेला गोरखचिंच विकणाऱ्या बाईकडून फळ घेताना तिचे नाव व तिच्या वाडीचे नाव विचारून घ्यावे. त्या डोंगराच्या इतिहासातील सर्वांत जुनी बाजू तिच्याकडे आहे, आणि ती अद्याप कोणी लिहून घेतलेली नाही.